शंभर अंशांची उत्तरतालिका

मार्च लागला की कात्रजच्या त्या शाळेत प्रत्येक शिक्षकापुढे दोन पानांचा एक फॉर्म येई. जूनमध्ये त्यावर ज्याने त्याने आपल्या व्यावसायिक विकासाची तीन उद्दिष्टं लिहिलेली असत. मार्चमध्ये प्रत्येकासमोर ‘पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’ लिहायचं, खाली दोन ओळींत कारण द्यायचं. शेवटी मुख्याध्यापकांचा शेरा, आणि मग तो कागद सेवापुस्तकासोबत कायमचा कपाटात जाई.

दीपमाला कोंढरे बावीस वर्षं तिथे विज्ञान शिकवत होत्या. मागच्या मार्चमध्ये त्यांच्या फॉर्मवर शेरा आला होता : ‘विषयज्ञान उत्तम. वर्गातील तंत्रज्ञानाशी जुळवून घेणे आवश्यक.’ घरी जाताना बसमध्ये त्यांना यातलं दुसरंच वाक्य आठवत राहिलं. शेरा खोटा नव्हता. तपासणीच्या दिवशी त्यांच्या वर्गातला डिजिटल फळा बंद पडला होता, आणि संगणकाचे तरुण शिक्षक रणजित धावत येईपर्यंत पाहुणे मागच्या बाकावर बसून घड्याळ बघत होते.

म्हणून मे महिन्यात, लोक गावाला जातात त्या दिवसांत, त्या पाच दिवस स्वारगेटजवळच्या एका सभागृहात प्रशिक्षणाला गेल्या. रणजितच शिकवायला होता. मुलांनी प्रयोगाचा आकडा टॅबवर भरायचा, अ‍ॅपने तो उत्तरतालिकेशी ताडून पाहायचा, जुळला तर हिरवा, नाही तर लाल. लाल झाला तर आणखी दोन संधी. प्रत्येक शिक्षकाने आपली उत्तरतालिका स्वतः भरायची होती. दीपमालाबाईंनी चोवीस प्रयोगांची उत्तरं पाठ्यपुस्तक शेजारी ठेवून एका बैठकीत भरली, कुणालाही न विचारता. शेवटचं बटण दाबलं तेव्हा रणजित म्हणाला होता, “मॅडम, तुम्ही तर टॉपर निघालात.” त्या हसल्या होत्या. बऱ्याच वर्षांत त्यांना कुणी टॉपर म्हटलं नव्हतं.

जूनमध्ये त्यांनी तिसरं उद्दिष्ट लिहिलं : ‘आठवीच्या सर्व प्रयोगांचे मूल्यमापन टॅबवर करून निष्कर्षांतील अचूकता वाढवणे.’

अचूकता वाढली. फेब्रुवारीअखेर अ‍ॅपमधला आलेख सरळ वर गेलेला होता. मुख्याध्यापक गोपाळकृष्ण सर कुणाचं कौतुक सहसा करत नसत, पण तेही म्हणाले, “कोंढरेबाई, पुढच्या वर्षी संस्थेच्या बाकीच्या शाळांत तुम्हालाच पाठवायचं म्हणतायत, मार्गदर्शक म्हणून. आम्ही मागच्या वर्षी काही लिहिलं असेल तर ते आम्ही विसरलो, तुम्हीही विसरा.”

फॉर्म भरायला बाई प्रयोगशाळेत बसल्या. मधली सुट्टी होती. जोडायला त्यांनी शेवटच्या प्रयोगाची यादी काढली : पाण्याचा उत्कलनांक. छत्तीस मुलं, पस्तीस हिरवी, एक लाल. लाल नाव मुक्ताई फडचं होतं. तिचे वडील वैजनाथ दुधाच्या टेम्पोवर होते. तीन वर्षांपूर्वी ते परळीकडून इकडे आले होते. मुलगी कमी बोलणारी, पण वही नेटकी. ही एक नोंद दुरुस्त झाली की यादी पूर्ण हिरवी होणार होती. बाईंनी तिला बोलावून घेतलं.

“मुक्ताई, सगळ्या वर्गात तुझं एकटीचं चुकलंय बघ. वही आणलीस? आपण दुरुस्त करू.”

“केलंय दुरुस्त, बाई.”

तिने वही उघडून पुढे केली. तक्त्याच्या शेवटच्या चौकटीत शंभर होते. पण त्या जागी कागद पातळ झाला होता, भोक पडायचंच बाकी होतं. ओल्या बोटाने शाई घासून काढल्याचा निळसर डाग सभोवती पसरला होता.

बाईंच्या प्रयोगशाळेत एक नियम होता, दारामागे लिहून लावलेला. नोंद पेनने करायची आणि ती कधीही पुसायची नाही. चुकली वाटली तर तिच्यावर एक सरळ रेघ मारून शेजारी नवीन लिहायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बावीस वर्षांत मुलांनी बाईंच्या गृहपाठाला दांड्या मारल्या, काचेच्या नळ्या फोडल्या. पण या नियमाला सहसा कुणी हात लावला नव्हता.

“पुसलंस का?”

“रेघ मारली असती तर चुकीचं दिसलं असतं.”

“आधी किती लिहिलं होतंस?”

“चुकीचं.”

“चुकीचं म्हणजे किती?”

“लाल झालेलं.”

“टॅबचं नको सांगू. थर्मामीटरवर तू किती पाहिलं होतंस?”

मुक्ताईने खरंच आठवून पाहिलं. तिच्या कपाळावर आठी पडली. मग ती म्हणाली, “आता नाही आठवत, बाई. शंभरच असंल. मलाच बघता आलं नसंल.”

घंटा झाली. मुलगी वही उचलून गेली. बाईंच्या मनात काहीतरी खुपत होतं, पण नेमकं काय ते समोरच्या थर्मामीटरांच्या खोक्याकडे नजर जाईपर्यंत कळलं नाही. कळलं तेव्हा त्या उभ्या राहिल्या.

पाणी शंभर अंशांना उकळतं ते समुद्रसपाटीला. पुणे समुद्रापासून साडेपाचशे मीटरहून जास्त उंच आहे, कात्रज आणखी थोडं वर. हवेचा दाब कमी, म्हणून इथलं पाणी साधारण अठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळतं. हे दीपमालाबाई दरवर्षी सांगत. मुलं गोंधळून अठ्ठ्याण्णव, साडेसत्त्याण्णव असे आकडे घेऊन यायची, पुस्तकाशी जुळत नाही म्हणून घाबरायची, आणि मग बाई म्हणायच्या, “पुस्तक कुठे लिहिलंय ते बघा आणि आपण कुठे उभे आहोत ते बघा. जे दिसलं ते लिहा.” तो त्यांचा वर्षातला सर्वांत आवडता तास होता. या वर्षी आकडे टॅबवर गेले, फळ्यावर सारांश आला, तास संपला. आणि मे महिन्यात उत्तरतालिकेत त्यांनी स्वतःच्या हाताने भरलं होतं : शंभर, चालणारा फरक एक अंश.

त्या संगणक कक्षात गेल्या. रणजित तारा गुंडाळत होता.

“सर, मुलांनी आधी कोणते आकडे भरले होते, ते राहतं का अ‍ॅपमध्ये?”

“राहतं ना मॅडम. प्रत्येक अटेम्प्ट टायमिंगसकट. कुणी बघत नाही, एवढंच.”

त्याने यादी काढली. पहिल्या प्रयत्नात छत्तीसपैकी चौतीस मुलांनी सत्त्याण्णव ते साडेअठ्ठ्याण्णव यांमधला आकडा भरला होता. थर्मामीटर शाळेचे, अर्धा अंश इकडेतिकडे, पण निरीक्षण बरोबर. मग एक लाल. आणि चार मिनिटांच्या आत, एकापाठोपाठ एक, शंभर. शंभर. शंभर.

“एकाला कळलं की सगळ्यांना कळतं,” रणजित म्हणाला.

मुक्ताई फडच्या नावासमोर तीन नोंदी होत्या. अकरा बेचाळीस : अठ्ठ्याण्णव. अकरा चव्वेचाळीस : अठ्ठ्याण्णव. अकरा एक्कावन्न : अठ्ठ्याण्णव.

दुसऱ्या आणि तिसऱ्या नोंदीत सात मिनिटं होती. बाईंना ती सात मिनिटं आठवली. मुलगी टेबलाशी येऊन म्हणाली होती, “बाई, दुसरा थर्मामीटर देता का?” फळ्याचं आणि टॅबचं काही जुळत नव्हतं, त्या वाकून तेच बघत होत्या. मान वर न करता त्यांनी खोकं पुढे सरकवलं होतं. सगळा वर्ग शंभर लिहून मोकळा झाला असताना ती एकटी नवीन थर्मामीटर घेऊन पाणी पुन्हा उकळायला गेली होती. पुन्हा तेच दिसलं, तेच तिने लिहिलं, आणि तिला शून्य मिळालं. त्यानंतर कधीतरी तिने बोट ओलं करून आकडा पुसला.

बाई खुर्चीत बसल्या.

“मॅडम, यात काय एवढं?” रणजित खरोखर मदत करायच्या सुरात म्हणाला. “चालणारा फरक, म्हणजे टॉलरन्स, तीन करून टाकू. दोन मिनिटांचं काम. जुन्या नोंदीही पुन्हा तपासल्या जातील. शंभरवालेही ग्रीन, अठ्ठ्याण्णववालीपण ग्रीन. छत्तीसला छत्तीस. फॉर्मला लावायला प्रिंट देतो.”

त्याचं बोट बटणाजवळ होतं. दीपमालाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. मुक्ताईला गुण मिळाले असते. कुणाचं नुकसान दिसत नव्हतं. मागच्या वर्षीचं ते वाक्य पुसलं गेलं असतं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळांतल्या बाई त्यांना विचारायला आल्या असत्या. त्यांनी मनातल्या मनात ‘करा’ असं म्हटलंसुद्धा.

मग त्यांना तो पातळ झालेला कागद आठवला.

“नको,” त्या म्हणाल्या. “मला या पहिल्या नोंदींची प्रिंट द्या. आहे तशी.”

“त्यात तर तुमचीच चूक दिसेल, मॅडम.”

“रेघ मारायची झाली तर खालचं दिसलं पाहिजे ना, सर.”

रणजितला ते वाक्य कळलं नाही. त्याने प्रिंट दिली.

गोपाळकृष्ण सरांनी फॉर्म दोनदा वाचला. तिसऱ्या उद्दिष्टासमोर ‘अपूर्ण’ लिहिलं होतं. खाली : ‘उत्तरतालिका मी चुकीची भरली. अ‍ॅपमध्ये दिसणारी वाढ ही अचूकतेची नाही. मुलांनी पाहिलेले सोडून अपेक्षित ते लिहिले. कारण मी आहे. पहिल्या नोंदी जोडल्या आहेत.’

“कोंढरेबाई,” ते चष्मा काढत म्हणाले, “पाणी दोन अंश आधी उकळलं म्हणून इतका जबाब लिहून देणाऱ्या तुम्ही पहिल्याच. पाण्यानेसुद्धा इतकं मनाला लावून घेतलं नसेल.”

“पाण्याचं काही बिघडलं नाही, सर.”

प्रिंटवरची ती तीन अठ्ठ्याण्णव सरांनी बोट खालीवर फिरवत पाहिली. ते गणिताचे शिक्षक होते.

“हे कपाटात जाणार, माहीत आहे ना? सलग दुसऱ्या वर्षी. शेरा मला लिहावा लागेल. आणि मार्गदर्शक म्हणून मग दुसरं नाव द्यावं लागेल.”

“हो सर. रणजित सरांचं द्या. ते चांगलं शिकवतात.”

“आणि टॅब? बंद करणार?”

“नाही. टॅब होता म्हणून तर मला हे दिसलं. उत्तरतालिकेची चौकट रिकामी ठेवता येते, मी विचारलंय. मुलांनी आकडे भरायचे, लाल-हिरवं मी करायचं, वह्या बघून. पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट तेच लिहीन.”

“लिहा,” सर म्हणाले, आणि पेन उघडून त्यांनी शेऱ्याच्या चौकटीत लिहायला सुरुवात केली. काय लिहितात ते बघायला बाई थांबल्या नाहीत.

शनिवारी सकाळी आठवी ब पुन्हा प्रयोगशाळेत आली. बाईंनी फळा सुरू केला नाही. सगळ्या वर्गासमोर त्यांनी सांगितलं की उत्तर चुकीचं त्यांनी भरलं होतं, आणि चौतीस जणांनी आधी बरोबर लिहून मग टॅबवर नाहीतर वहीत ते सोडून दिलं. मागून कुणीतरी म्हणालं, “मग बाई, आमचे मार्क कापणार?” थोडं हसू झालं. मुक्ताई हसली नाही.

“मुक्ताई, पुढे ये. हे पाणी तू उकळ. आकडा तू वाचायचा.”

तिने बर्नर पेटवला, थर्मामीटर अडकवला. बुडबुडे आधी तळाशी चिकटून राहिले, मग सुटून वर येऊ लागले, मग सगळं पाणी हलायला लागलं. पारा चढला आणि एका जागी थांबला.

“किती?” बाईंनी विचारलं.

मुक्ताईने थर्मामीटरकडे बघितलं. मग मान वळवून बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं, तिथे काही लिहिलेलं सापडतंय का ते शोधल्यासारखं. बाईंना तिची ती नजर ओळखू आली. ती टॅबकडे बघायची नजर होती.

दीपमालाबाई वळल्या. वर्गाकडे पाठ करून त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. बाहेर मैदानात पी.टी.चा तास चालला होता. त्यांनी चेहरा काचेपासूनही बाजूला घेतला, प्रतिबिंब दिसू नये म्हणून.

मागे पाणी उकळत होतं. बाई वळल्या नाहीत.

मग वहीचं पान उलटल्याचा आवाज आला, आणि पेनाचं टोपण निघाल्याचा.