जांभळांची सावली

माघ सरत आला होता. कुशाबा जांभळावर चढून सपासप कोयता चालवत होता आणि खाली त्याची भावजय तुळजाबाई पडलेले टहाळे ओढून भारे बांधत होती. वाफ्यात टहाळे जाळून जमीन भाजल्याशिवाय, म्हणजे राब केल्याशिवाय, भाताचं रोप धड उगवत नाही, हे मुळशीच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. दरसाल तिचा नवरा भिवाजी टहाळे आणायचा, तेही पार पल्याडच्या रानातून, डोक्यावरून. घरामागं एवढी जांभळं उभी असताना ही पायपीट कशाला, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही कधी सांगितलं नाही.

"वैनी, दादा येईस्तवर समदं उरकतंय बगा!" कुशाबा वरून ओरडला.

"उरका, भावजी. तेवढाच त्यांच्या जिवाला इसावा."

त्या जांभळांखाली भिवाजीची कॉफी होती. तरुणपणी कुर्गच्या मळ्यात सात वर्षं राबून त्यानं बी आणलं. गावानं वेड्यात काढलं, पण त्यानं दोनशे झाडं पोटच्या पोरासारखी वाढवली. यंदा पाचव्या वर्षी कुठं चांगलं फळ धरलं. ते वाळवून, गोणी पाठीवर मारून तो पुण्याला गेला होता.

तिसऱ्या दिवशी तो आला तो लांबूनच हाका मारत. "तुळजे, यापारी म्हनला, ह्यात दुसरीकडचं बी मिसळायचं न्हाई! मुळशीची कॉफी म्हनून येगळी इकायची. म्होरल्या सालचा समदा माल त्योच..."

बोलत बोलत तो परसात आला आणि जागीच थांबला. जांभळांचे नुसते बोडके खुंट उरले होते.

"राबाचं काम आमीच उरकलं," तुळजाबाई कौतुकानं म्हणाली.

भिवाजी कॉफीच्या झाडावर वाकला आणि त्यानं पानांवरचं ऊन हातानं झाकलं. "अगं, सावली हुती ती. कॉफीला ऊन सोसत न्हाई."

तिनं एकदा खुंटांकडं, एकदा कॉफीकडं पाहिलं. "आमाला काय ठावं वं?"

"तुमाला कुटनं ठावं आसंल? म्याच कवा बोललो न्हाई."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर तिला परवडलं असतं. दोघांनी बांबू रोवून तेच टहाळे सावलीसाठी कॉफीच्या झाडांवर बांधले. आठ दिवसांत टहाळ्यांची पानं वाळून गळाली. झऱ्यावरून पाणी वाहून तुळजाबाईच्या कमरेचा काटा ढिला झाला. पण चैत्राच्या उन्हानं कॉफीची पानं पिवळी पडली आणि वैशाखात झाडं उभी करपली.

कुशाबा चाचरत म्हणाला, "दादा, पाऊस तोंडावर आला. राब भाजायचा ऱ्हायलाय."

भिवाजी उठला. वाळके टहाळे त्यानं भाताच्या वाफ्यात पसरले आणि त्यावर एकेक करून कॉफीची झाडंही आणून टाकली.

राब तुळजाबाईनं पेटवला. माघात भिवाजीनं कॉफीच्या मूठभर बिया तव्यावर भाजल्या, तेव्हा वासानं अख्खी वाडी दारात गोळा झाली होती. तो वास एकदा तरी येईल म्हणून ती धुरात उभी राहिली. डोळे चुरचुरले, पण वास चुलीतल्या लाकडासारखाच आला.

"यंदा रोप झ्याक यील," भिवाजी म्हणाला आणि तोंड फिरवून घराकडं गेला.