आत माणूस असेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. म्हाताऱ्यांच्या हातातली नव्हे, प्रयोगशाळेतली. माझं अंग विजेला दाद न देणाऱ्या फायबरचं, टोकाला तांब्याचा आकडा आणि आकड्यापासून थेट जमिनीत गेलेली जाड वायर. वर्कशॉपमधल्या कारागिराने मला घडवलं आणि तो म्हणाला, "दिसायला काही खास नाही." खरंच आहे ते.

आमच्या खोलीत भिंतीलगत मोठमोठे कॅपॅसिटर आहेत. ते वीज साठवतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ती केसाहून बारीक तारांमधून सोडतात. तारांची वाफ होते, तिचा तापलेला प्लाझ्मा आत दाबला जातो आणि क्ष-किरणांचा झोत उसळतो. तो फिल्मवर टिपायचा आणि मग त्या ठिपक्यांवर तावातावाने वाद घालायचा, हे आमच्या बाईंचं आणि सरांचं काम. कौतुक होतं ते फिल्मचं. माझ्याकडे कोण बघतंय!

माझं काम नंतरचं. नव्या तारा लावायला बाई यंत्राच्या आत शिरतात. त्याआधी माझा आकडा कॅपॅसिटरला टेकवून उरलीसुरली वीज जमिनीत घालवायची. पण हे कॅपॅसिटर भारी लबाड. रिकामे झाले असं वाटतं आणि थोड्या वेळाने आपसूक पुन्हा वीज अंगात आणतात. म्हणून आत माणूस असेपर्यंत मी तिथेच लटकायचं, असा आमच्याकडचा रिवाज.

एकदा मोठे पाहुणे यायचे होते. सरांना आवराआवरीचं भारी वेड. त्यांनी टेबलं पुसली, खुर्च्या सरळ केल्या आणि जाता जाता मलाही काढून भिंतीवर टांगलं. यंत्राच्या आत बाई गुडघ्यांवर बसून जुन्या तारांचे तुकडे वेचत होत्या, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी काय करणार? मला तोंड थोडंच आहे!

नवी तार जोडायला बाईंनी हात पुढे केला आणि सवयीने वर पाहिलं. हात तिथेच थांबला.

"सर, काठी कुठंय?"

"अहो, वेडीवाकडी लटकली होती. पाहुण्यांसमोर बरं दिसतं का ते?" म्हणता म्हणता सरांचा आवाज बारीक झाला. "तुम्ही... आत आहात?"

"आधी काठी लावा."

सरांनी मला भिंतीवरून काढून कॅपॅसिटरला टेकवलं. कट्‌कन ठिणगी उडाली. लहानशीच, पण माणसाचा जीव घ्यायला पुरेशी होती.

सर म्हणाले, "तुमच्या लेकीला मी काय तोंड दाखवलं असतं हो?"

बाईंनी तारा जोडल्या, त्या बाहेर आल्या आणि मगच रडल्या.

मित्रांनो, मला पुसा, चकचकीत ठेवा, मला आवडेल. पण मला हलवण्याआधी आत कोण आहे ते विचारा. आमचे सर आता साधी खुर्ची सरकवतानाही हाक मारतात, "बाई, आत आहात का?" शेजारच्या टेबलावरून बाई उत्तर देतात, "नाही हो, इथंच आहे." दोघंही हसत नाहीत.