‘प्रपोज’चा सूड

मी ‘प्रपोज’ बोलतोय. इंग्रजी क्रियापद आहे, पण मूळ माझं लॅटिन. ‘प्रो’ म्हणजे पुढे आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. पुढे ठेवणं, एवढाच माझा जन्माचा धर्म. फ्रान्समार्गे इंग्लंडात गेलो आणि लोकांनी माझ्या गळ्यात नाना कामं बांधली. कुणी बेत सुचवताना मला वापरी, कुणी पदासाठी नाव घेताना, तर कुणी पोरीला मागणी घालताना. साहेबाबरोबर वऱ्हाडात आलो. साहेब गेला, मी कचेऱ्यांत राहिलो.

एकसष्ट साली उमरखेडच्या एका कारकुनानं मला भीमसिंगच्या हाती दिलं. भीमसिंग हा ग्रामपंचायतीतला बंजारा तांड्याचा एकुलता पंच. तांड्याला विहीर नव्हती, बायका नाल्यातून पाणी भरत. विहीर हवी तर सभेत प्रपोज करा, एवढंच कारकून बोलला. तांड्याची रीत अशी, की नायकापुढं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखापुढं, गाऱ्हाणं न्यायचं तर वस्तूच पुढं ठेवायची. भीमसिंगला वाटलं, हेही तसंच असणार. त्यानं नाल्याच्या गढूळ पाण्याची घागर सभेच्या सतरंजीवर आणून ठेवली.

“हे पाणी मी प्रपोज करून राह्यलो. पहिले पिऊन पाहा.”

सभा पोट धरून हसली. मला जन्मात इतकं नेमकं कुणी वापरलं नव्हतं, आणि हे शहाणे हसत होते! सरपंचानं अनुमोदक विचारला. एकही हात वर झाला नाही, ठराव पडला. त्याच उन्हाळ्यात त्या पाण्यानं भीमसिंगची लेक गेली. मी तेव्हाच सरपंचावर दात धरला.

पुढं सरपंचाची नवी निवड आली. त्याच्या पुतण्यानं त्याचं नाव प्रपोज केलं. बाकीचे पंच फुटलेले, अनुमोदनाला उरला भीमसिंग. आदल्या दिवशी सरपंच स्वतः तांड्यावर येऊन सांगून गेला होता, की हात वर कर, विहीर तुझी. सभेत सगळे भीमसिंगकडे बघू लागले. मी अधांतरी लटकलेला, मनात म्हणत होतो, गड्या, हात हलवू नको, मला मरू दे.

भीमसिंगनं दोन्ही हात मांडीखाली घेतले. मी पडलो आणि सरपंचही पडला. असं गोड मरण मला कधी आलं नव्हतं.

भीमसिंगनं घरी येऊन बायकोला, जमनीला, ऐटीत सगळं सांगितलं. तिच्या कडेवर तान्हं पोर होतं.

“तो पडला, बेस झालं. मंग ह्या पोराले आता कोनतं पाणी पाजू?”

भीमसिंगनं घागर उचलली आणि नाल्याची वाट धरली. 

माझा राग अजून निवलेला नाही. पण बाबांनो, विनंती आहे, कुणी काही पुढे ठेवलं तर त्याच वेळी हात वर करा. नंतर माझ्यापाशी द्यायला सुडाशिवाय काही उरत नाही.