काकांनी सांभाळून घेतलं

जमैकाचा जुना ताल शिकायला मला आठ महिने लागले. शिकवणारा मोबाइलमध्ये, मी कळमनुरीत. त्या तालात गिटार ठोक्यावर वाजवायची नसते. ठोका पडून जातो, मग दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत तारा छेडायच्या. ऐकायला सोपं वाटतं. माझ्या बोटांची सालं निघाली आणि शेजारच्या कमलबाईंनी आमच्या बाजूची खिडकी कायमची लावून घेतली.

माझे सोनाजी काका गायन पार्टीत ढोलकी वाजवतात. चाळीस वर्षांत त्यांचा ठोका चुकून हलल्याचं कुणी ऐकलेलं नाही. त्या पार्टीत माझ्या गिटारला जागा मिळावी, एवढीच माझी इच्छा होती. बऱ्याच विनवण्यांनंतर ते म्हणाले, "सुरज, वारंगा फाट्याला नामकरण हाय. तिथं ये. जमलं तर कायमचं, न्हाई तर नाद सोड."

तालाचं मी त्यांना काही सांगितलं नाही. जमैका कुठे आणि सोनाजी काका कुठे. त्यांना काय कळणार, असं मला मनापासून वाटत होतं.

कार्यक्रमात काकांचा ठोका पडला आणि मी त्याच्या मागून, अगदी शिकवल्याप्रमाणे, तारा छेडल्या. काकांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. काकांच्या पार्टीची रीत आहे की सोबतचा चुकला तर ढोलकीवाल्यानं मुकाट्यानं सांभाळून घ्यायचं, चारचौघांत त्याची फजिती होऊ द्यायची नाही. काकांनी आपला ठोका हळूच माझ्या तारांवर आणून ठेवला. झालं, माझी रिकामी जागा भरली. मी पुन्हा मागं सरकलो. काका पुन्हा सोबतीला आले. मी पळतोय, काका सांभाळतायत, आणि गाणाऱ्या लक्ष्मीबाईंना कडवं कुठे धरावं ते कळेना. शेवटी त्यांनी गाणं अर्ध्यातच आवरलं आणि पेढे वाटायला सांगितले.

बाहेर काका सगळ्यांना सांगत होते, "पोरगं तालात कच्चं हाय, पर आमी पडू दिलं न्हाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "काका, मी चुकत नव्हतो. मुद्दाम मागं राहत होतो. तुमी जाग्यावर थांबायचं, मी मधी वाजवायचं, असा ताल हाय तो."

काका माझ्याकडे वळले. "मग हे आधी काहून न्हाई सांगितलं? आमाला काय जाग्यावर थांबता येत न्हाई?"

खरं उत्तर लाजिरवाणं होतं, आणि ते त्यांना कळलंही असावं.

त्यांनी तिथंच मंडपाच्या कडेला बसून ढोलकी मांडीवर घेतली. "आता मी हलत न्हाई. वाजव."

ठोका पडू लागला, एकसारखा. आठ महिन्यांत माझ्यासाठी पहिल्यांदाच कुणी असं थांबलं होतं. मी मधली जागा हेरली, हात उचलला आणि तारा छेडल्या. पण काका पुन्हा सरकतील या सवयीनं हात अजून मागं गेला, थेट पुढच्या ठोक्यावर. पुन्हा छेडल्या. पुन्हा ठोक्यावर.

काकांनी ढोलकी थांबवली.

"आता काहून बराबर येऊन राहिलास?"