मुदतीच्या आत

वजनमापांच्या निरीक्षकांनी चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या तराजूंवर शिक्के मारले, आणि निवृत्त झाल्यावर शिक्का मारायला दुसरे काही उरले नाही, म्हणून ते बायकोच्या रक्तावर मारू लागले. निदान त्यांच्या पत्नीचे मत तसे होते. पाच वर्षांत हे मत त्यांनी कोणापाशी बोलून दाखवले नव्हते. तिरस्कार मुरायला वेळ लागतो, आणि त्यांना घाई नव्हती.

या पत्नी एका मोठ्या टेलरिंगच्या दुकानात एकतीस वर्षे कापणीच्या टेबलाशी उभ्या होत्या. तिथले कारागीर त्यांना मास्तरीणबाई म्हणत. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयातली एक झडप निकामी झाली आणि तिच्या जागी कृत्रिम झडप बसवण्यात आली. अशा झडपेवर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागते, आणि ती जन्मभर. रक्त दाट राहिले तर गुठळीची भीती, फार पातळ झाले तर आतल्या आत रक्तस्रावाची. या दोन भयांमधली अरुंद वाट एका आकड्याने सांगता येते: अडीच ते साडेतीन. तो आकडा घरच्या घरी दाखवणारे मुठीएवढे यंत्र मिळते. बोट टोचावे, थेंब पट्टीवर धरावा, मिनिटभर थांबावे. काम एवढेच.

एवढ्याशा कामाचे निरीक्षकांनी सरकारी खाते करून टाकले. ठरलेल्या सोमवारी ते सदऱ्याची गळ्यापर्यंतची बटणे लावत, टेबलावर स्वच्छ रुमाल अंथरत, आखलेली वही उघडत आणि समोर न बघता म्हणत, “बोट.” मास्तरीणबाई बोट पुढे करत. आयुष्यात हजारदा सुई रुतूनही ज्यांनी कधी हाय म्हटले नाही, त्या बाई शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत मात्र आपल्याच रक्ताच्या थेंबाला भ्यायल्या होत्या. तोंड फिरवून त्यांनी हात नवऱ्याच्या स्वाधीन केला होता. त्या सहा आठवड्यांच्या भित्रेपणावर हे गृहस्थ पाच वर्षे सत्ता गाजवत होते, आणि याबद्दल मास्तरीणबाईंना नवऱ्याचा जितका राग येई, त्याहून रतिभर अधिक स्वतःचा येई.

बारा दिवसांच्या बस-सहलीला निघताना निरीक्षकांनी तयारीत कसूर केली नव्हती. गोळ्या दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवल्या, म्हणजे एक हरवली तरी दुसरी राहावी. डॉक्टरांचे पत्र घेतले. यंत्र हातातल्या बॅगेत घेतले, उन्हात तापणाऱ्या डिकीत ठेवले नाही. हे सगळे बरोबर होते, आणि म्हणूनच जास्त असह्य होते. चुकीच्या माणसाशी भांडता येते. एखाद्या बाबतीत बरोबर असलेला मूर्ख माणूस मात्र आभाळाला हात लागल्यासारखा चालतो.

सहलीच्या पहिल्या सोमवारी, हॉटेलच्या न्याहारीच्या दालनात, सव्वीस सहप्रवाशांसमोर त्यांनी जाहीर केले, “दोन पूर्णांक नऊ!” तिघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. कसल्या, ते त्यांनाही ठाऊक नव्हते.

त्याच संध्याकाळी मास्तरीणबाईंचे पोट बिघडले. पुढच्या आसनावर एक निवृत्त औषधविक्रेते होते. गरज नसताना सल्ला देणे हा त्यांच्या निवृत्तीचा मुख्य व्यवसाय होता.

“वहिनी, चाळीस वर्षं दुकान चालवलंय. ही घ्या. दिवसातून तीनदा, पाच दिवस. पोट असं शांत होईल की विचारू नका.”

निरीक्षकांनी ते पाकीट हातात घेऊन चष्म्याखालून वाचले. किती ताकदीची गोळी, कोणी बनवली, मुदत कधी संपते. “अजून चौदा महिने आहेत,” ते समाधानाने म्हणाले.

“माझ्या रक्ताच्या गोळीबरोबर चालेल ना पण?” मास्तरीणबाईंनी विचारले.

औषधविक्रेते हसले. “अहो, ही पोटाची, ती रक्ताची. दोघींची ओळख तरी आहे का?”

निरीक्षकही हसले. पुरुषांचे हे एकमेकांना पुरवलेले हसू मास्तरीणबाईंनी दुकानात पुष्कळ पाहिले होते. माप चुकले की कारागीर असेच हसत आणि दोष गिऱ्हाइकाच्या पोटावर ढकलत. तरी त्यांनी ती गोळी घेतली. पोट दुखत असले की माणूस वाद घालत नाही.

पोट थांबले. भूक मात्र परत आली नाही. चार दिवस त्या चहा आणि दोन-दोन घासांवर राहिल्या. शुक्रवारी सकाळी दात घासताना बेसिनमधला फेस गुलाबी झाला. खळखळून चूळ भरली, तरी गुलाबीच. मग मांडी पाहिली. बसच्या आसनाचा दांडा जिथे टेकत होता, तिथे तळहाताएवढा जांभळा डाग पडला होता. मास्तरीणबाई बाहेर आल्या. निरीक्षक आरशासमोर भांग पाडत होते.

“अहो, मशीन काढा.”

“का?”

“हिरड्यांतून रक्त येतंय. आणि हे बघा.”

निरीक्षकांनी डाग चष्म्यावरून पाहिला, जसा एखादा अपुऱ्या सहीचा अर्ज पाहावा. “सोमवारी दोन पूर्णांक नऊ होतं.”

“सोमवारी होतं. आज शुक्रवार आहे.”

“म्हणूनच सांगतोय. पुढची तपासणी येत्या सोमवारी. पट्ट्या पाच आणल्या. एक झाली, एक सोमवारची. तीन राखीव, यंत्रात बिघाड झाला तर.”

“बिघाड माझ्यात झालाय.”

“अगं, असं दर दोन दिवसांनी मनात आलं की तपासायचं नसतं. एकदा तपासून शिक्का मारला की मुदत संपेपर्यंत ते माप खरं धरायचं. नाहीतर जगात व्यवहार कसा होणार?”

या माणसाबरोबर आपण चाळीस वर्षे एका छपराखाली राहिलो, या गोष्टीचे मास्तरीणबाईंना आश्चर्य वाटले नाही; आश्चर्य याचे वाटले की छपराने कधी तक्रार केली नाही.

“आमच्याकडे गिऱ्हाइकाचं माप घेतलं आणि कापड कापायला महिना लागला, तर मी परत टेप लावायचे,” त्या म्हणाल्या. “लोखंड तसंच राहतं हो. कंबर राहत नाही.”

“कंबर आणि रक्त यांत फरक आहे.”

“आहे ना. कंबर वाढली म्हणून कोणी मरत नाही.”

“उगाच कांगावा करू नकोस. नऊला बस आहे. मी खाली सामान बघतो.” आणि ते गेले. भांग अगदी सरळ होता.

यंत्राची पिशवी खुर्चीवर होती. तिला कुलूप नव्हते. पाच वर्षांचा आज्ञाधारकपणा हे कुलूप निरीक्षकांना पुरेसे वाटत आले होते. मास्तरीणबाईंनी हात कोमट पाण्याने धुतला, नीट कोरडा केला, खाली सोडून झटकला आणि बोटाच्या कडेला टोचले. थेंब लहान आला. यंत्राने आकडा द्यायला नकार दिला, आणि एक पट्टी वाया गेली. त्यांनी एक शिवी दिली, जी कापणीच्या टेबलावर रोज चाले आणि घरात कधी उच्चारली गेली नव्हती. दुसऱ्या बोटाला जरा खोल टोचले. थेंब टपोरा आला, पट्टीने तो ओढून घेतला. मिनिटभराने आकडा उमटला.

सहा पूर्णांक आठ.

बोटाला लावलेला कापूस लाल झाला. दुसरा लावला, तोही झाला. घरी एका कापसात भागत असे. डॉक्टरांच्या पत्रावर दवाखान्याचा नंबर होता. त्यांनी तो एका हाताने फिरवला.

“बोला साहेब,” पलीकडून परिचारिका म्हणाली.

“साहेब नाहीत. मी बोलतेय.”

“मी म्हणजे कोण?”

“जिचं रक्त तुम्ही पाच वर्षं लिहून घेताय, ती.”

पलीकडचा आवाज बदलला. आकडा विचारला, नवी औषधे विचारली. मास्तरीणबाईंनी पाकिटावरचे नाव अक्षर-अक्षर वाचून दाखवले.

“अहो, हे कोणी दिलं तुम्हाला?”

“एका दुकानदाराने.”

“ह्याने तुमच्या रोजच्या गोळीचा जोर भलताच वाढतो. त्यात तुम्ही जेवत नाही म्हणताय. डोकं दुखतंय? उलटी? शौचाला काळं?”

“नाही.”

“मग नीट ऐका. आजची रक्ताची गोळी घ्यायची नाही. ही पोटाचीही बंद. बसमध्ये चढायचं नाही. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं आणि शिरेतून रक्त काढून आकडा पक्का करून घ्यायचा. आत्ता. जपून चाला, कुठे डोकं आपटू नका.”

खाली बसचे इंजिन सुरू होते. सहल नेणारी मुलगी यादीवर खुणा करत होती, आणि निरीक्षक कोणती बॅग जड, कोणती हलकी आणि कोणती आधी ठेवावी हे हमालाला शिकवत होते. हमालाच्या चेहऱ्यावरचे भाव मास्तरीणबाईंना फार ओळखीचे वाटले.

“माझी बॅग उतरवा. मी येत नाही.”

“काय झालं काकू?” मुलगी धावत आली.

“सहा पूर्णांक आठ.”

निरीक्षकांचा चेहरा आधी पडला आणि लगेच ताठ झाला. “तू पट्टी वापरलीस?”

“दोन.”

“दोन! हात ओला असेल तुझा. प्रशिक्षण न घेतलेल्या माणसाने घेतलेलं माप ग्राह्य नसतं, माहीत आहे ना?”

“आणि वहिनी, ती मशीनं म्हणजे खेळणी हो,” खिडकीतून डोके काढून औषधविक्रेते म्हणाले. “पुढच्या मुक्कामी निवांत बघू.”

“पुढचा मुक्काम डोंगरापलीकडे आहे काका, पाच तास,” मुलगी म्हणाली. “मधे दवाखाना नाही.”

“ऐकलंत?” मास्तरीणबाई खिडकीकडे वळल्या. “त्या गोळ्यांवरची मुदत वाचलीत दोघांनी. माझी वाचायची राहिली.”

खिडकी बंद झाली.

मुलीने टॅक्सी बोलावली. निरीक्षक बसच्या पायरीवर एक पाय आणि जमिनीवर एक पाय ठेवून उभे होते. बारा दिवसांचे आरक्षण होते, सव्वीस माणसे पाहत होती, आणि त्यांच्या वहीत शुक्रवारचा रकानाच नव्हता. मास्तरीणबाई वाट पाहत थांबल्या नाहीत. टॅक्सीचे दार त्यांनी स्वतः लावले. पलीकडचे दार उघडले आणि निरीक्षक आत बसले, मांडीवर वही घेऊन. मास्तरीणबाईंना बरे वाटले नाही, वाईटही वाटले नाही. मागच्या आसनावरची जागा जरा कमी झाली, इतकेच.

हॉस्पिटलात शिरेतून रक्त काढले. तासाभराने तरुण डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. सहा पूर्णांक चार.

“बघ!” निरीक्षक जवळजवळ उठलेच. “चार दशांशांची चूक! मी म्हणत होतो, यंत्र जास्त दाखवतंय.”

मास्तरीणबाईंना हसू फुटले. त्या हसल्या तशी हिरडीतून पुन्हा रक्त आले, आणि रुमाल तोंडाला लावूनही हसू आवरेना. चाळीस वर्षांत नवऱ्याने त्यांना इतके मनापासून हसवले नव्हते.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “काका, इतक्या वरच्या आकड्यांत एवढा फरक येतोच. मशीनने तुम्हाला जे सांगायचं ते बरोबर सांगितलं. आणखी दोन-तीन दिवस ही दोन्ही औषधं चालू राहिली असती, बसचे धक्के बसले असते, आणि रक्तस्राव मेंदूत झाला असता, तर मग कशाचा आकडा आणि कशाचे दशांश. नवं औषध सुरू झालं, पोट बिघडलं, खाणं सुटलं, की तारीख बघायची नाही. दोन-तीन दिवसांत तपासायचं.” मग त्या रुग्णाकडे वळल्या. “घरी तपासतं कोण?”

निरीक्षकांनी तोंड उघडले.

“आजपासून मी,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

निरीक्षकांनी चष्मा काढून पुसला. मास्तरीणबाईंनी त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप शोधून पाहिला, अगदी प्रामाणिकपणे, कारण सापडला असता तर त्यांना तो हवा होता. तिथे फक्त एक माणूस दिसला, जो घडलेली गोष्ट कोणत्या रकान्यात टाकावी याचा विचार करत होता.

दोन दिवस ती दोघे हॉस्पिटलसमोरच्या एका साध्या हॉटेलात राहिली. गोळी बंद होती. शनिवारी हॉस्पिटलात चार पूर्णांक सात निघाले. निरीक्षक मधल्या काळात हॉटेलच्या कारकुनाला “आम्ही ते वेळेत पकडलं” असे तीनदा सांगून आले. त्यातल्या “आम्ही”वर मास्तरीणबाईंनी काही खर्च केले नाही, एक सुस्कारादेखील नाही. रविवारी सकाळी खिडकीच्या उजेडात त्यांनी स्वतः टोचले. थेंब पहिल्याच खेपेला पुरेसा आला. तीन पूर्णांक चार. परिचारिकेने फोनवर सांगितले, “छान. झडपेसाठी फार खालीही जायला नको. आज अर्धी गोळी घ्या, मंगळवारी परत बघा आणि मला कळवा. तुम्हीच कळवा हं.”

मास्तरीणबाईंनी गोळी तळहातावर घेतली आणि मधल्या रेषेवर अंगठ्याचे नख दाबले. गोळी तुटली. थोडी पूड टेबलावर सांडली.

निरीक्षक कळवळले. त्यांच्या आवाजात शस्त्रक्रियेच्या दिवशीही इतकी कळकळ नव्हती. “अगं, हे समान झालं नाही! डावा तुकडा मोठा आहे.”

“डावा?”

“हो, स्पष्ट दिसतंय.”

मास्तरीणबाईंनी डावा तुकडा तोंडात टाकला आणि वर पाणी प्यायल्या.

निरीक्षक पेनाचे टोपण काढून बसले होते. “आता मी काय नोंद करू? अर्धी म्हणू की अर्ध्याहून अधिक?”

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे न पाहता हात पुढे केला, जसा कापणीच्या टेबलावर कात्रीसाठी करायच्या. तेव्हा तो हात हवेत कधी फार वेळ राहत नसे, आजूबाजूच्या कोणाला तरी कळे आणि कात्री हातात येई. इथे जरा वेळ लागला. निरीक्षकांनी वही छातीशी धरली, पान उलटले, पुन्हा मागे उलटले, घसा साफ केला. हात तसाच होता. शेवटी वही त्या हातात आली, आणि मागोमाग पेनही.

आखलेल्या रकान्यांवरून मास्तरीणबाईंनी आडवे, मोठ्या अक्षरांत लिहिले: तीन पूर्णांक चार. मग वही मिटून स्वतःच्या पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, “चला, मला भूक लागलीये.”