बॅक दाबले, पण मी हलले नाही

मी एक जुनी खिडकी आहे. मला ना भिंत, ना गज, ना बिजागरी. मी मोबाइलच्या पडद्यावर उघडते, बाकीच्या सगळ्या अ‍ॅपच्या वर. मित्रांनो, खिडकी कधी घाबरते का, असे तुम्ही विचाराल. घाबरते. अंगठा जवळ आला की आजही घाबरते. का, ते ऐका.

विजेच्या तारा दुरुस्त करणाऱ्या वायरमनसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या एका मुलीने मला घडवले. खांब कोणता, बिघाड काय, वर कोण चढले आहे, हे सगळे माझ्यात भरायचे. तळाशी एक हिरवे बटण होते, ‘काम पूर्ण’. ते दाबले की मी मिटायचे आणि निरोप सबस्टेशनच्या पडद्यावर उमटायचा. मग तिथल्या ऑपरेटर बाई बंद ठेवलेली लाइन पुन्हा चालू करायच्या.

माझ्यात लिहिता यावे म्हणून त्या मुलीने मला एक मान दिला होता. मी उघडी असताना कुणी फोनचे बॅकचे बटण दाबले, की त्याची हाक आधी माझ्याकडे येणार. पण हाक आल्यावर काय करायचे, हे सांगायचे ती घाईत विसरली. त्यामुळे मी हाक ऐकायचे आणि ढिम्म उभी राहायचे. होम दाबले तर मागचे सगळे निघून जाई, मी मात्र तिथेच, अख्खा पडदा अडवून.

वायरमननी आठ दिवसांत यावर तोड काढली. मी आडवी आले की सरळ ‘काम पूर्ण’ दाबायचे, मी गेले की हवे ते करायचे, मग पुन्हा सगळे भरायचे. ऑफिसात मात्र माझे केवढे कौतुक! कामे पटापट पूर्ण होताना दिसत होती ना. साहेबांनी ऑपरेटर बाईंना सांगून टाकले, आता फोन करून विचारत बसू नका, हिरवे आले की लाइन चालू करा. बाई हो म्हणाल्या आणि फोन करतच राहिल्या. वर चढलेल्या माणसाचा आवाज कानाने ऐकल्याशिवाय त्या स्विचला हात लावत नसत. साहेब त्यांना हसायचे. मीही हसायचे, खोटे कशाला बोलू?

मग ती दुपार आली. दोन भाऊ कामावर होते, दोघेही वायरमन. धाकटा खांबावर चढून तार जोडत होता, थोरला खाली मला हातात धरून उभा होता. सकाळीच त्यांची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली होती. शेजारीण तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली होती, आणि थोरल्याचा जीव फोनकडे लागला होता.

फोन वाजला. आईचाच होता, पण उचलायचे बटण माझ्याखाली झाकलेले. थोरल्याने बॅक दाबले. पुन्हा दाबले. घामेजलेला अंगठा बॅकवर आपटत होता आणि मी एकेक हाक गिळत होते. फोन वाजतच होता. मग तो अंगठा खाली सरकला. मला कळले तो कुठे निघाला आहे. नको रे, नको! पण मला तोंड कुठे होते?

त्याने ‘काम पूर्ण’ दाबले. मी मिटले, आणि सबस्टेशनवर हिरवी होऊन उमटले.

तिथे साहेब बाईंच्या मागेच उभे होते. त्या लाइनवरच्या दवाखान्यातून फोनावर फोन येत होते. हिरवे दिसताच ते म्हणाले, करा चालू. बाईंनी थोरल्याला फोन लावला. एंगेज. तो आईशी बोलत होता. हाड मोडलेले नाही, हे ऐकून तो हुश्श करत होता. बाईंनी पुन्हा लावला. एंगेज. साहेबांचा आवाज चढला. बाईंचा एक हात स्विचपाशी होता, आणि मी त्यांच्यासमोर बेशरमपणे हिरवी चमकत होते. मित्रांनो, इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

तिसऱ्यांदा फोन लागला.

“धाकट्याला द्या फोन,” बाई म्हणाल्या.

थोरल्याने वर पाहिले. धाकट्याच्या दोन्ही हातांत तार होती.

“ताई,” तो कसाबसा म्हणाला, “तो वर आहे.”

बाईंनी हात मागे घेतला. इकडे थोरला खांबाच्या बुडाशी बसला. वरून धाकटा विचारत होता, “दादा, काय म्हणाली आई?”

“आधी खाली ये,” थोरला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ त्या मुलीकडे गेले. त्यांनी तिच्यावर आवाज चढवला नाही. थोरल्याने फक्त तिच्या हातात फोन दिला आणि म्हणाला, बॅक दाबून बघा. तिने चारदा दाबले आणि तिचा चेहरा उतरला. त्याच दिवशी तिने मला शिकवले: बॅकची हाक आली की भरलेले जपून ठेवायचे आणि कोणताही निरोप न पाठवता मुकाट बाजूला व्हायचे.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारख्या खिडक्या घडवेल. त्यांना उघडायला शिकवण्याआधी मिटायला शिकवा, एवढीच माझी विनवणी आहे.

मी शिकले, तरी भीती गेलेली नाही. थोरल्याचीही नसावी. धाकटा खांबाला हात लावतो तेव्हा थोरला त्याला थांबवतो. मला उघडतो आणि बॅक एकदाच दाबतो. मी जीव मुठीत धरून बाजूला होते. रिकामा पडदा नीट पाहून झाला, की मगच तो धाकट्याला म्हणतो, “चढ.”