सीमाच्या पलंगाची गिटार

मी एक जुनी गिटार आहे. तुम्ही म्हणाल, अंगावरचं पॉलिश तर चकचकतंय, मग जुनी कशी? मित्रांनो, गिटार म्हणून माझं वय फारसं नाही. पण माझी पाठ शिसवाची आहे आणि ते शिसव मला बनवणाऱ्यापेक्षाही वयानं मोठं आहे. श्रीरामपुरात एका घरामागच्या पत्र्याच्या पडवीत माझा जन्म झाला आणि आज त्याच पडवीत मी खिळ्याला टांगलेली आहे. मला कोणी वाजवत नाही. का वाजवत नाही ते सांगते, पण गोड आवाजात सांगेन अशी आशा ठेवू नका. मी रागावले आहे.

मला बनवलं महेंद्र यांनी. ते पेशानं सुतार. दिवसभर दुसऱ्याच्या कारखान्यात कपाटं आणि शोकेस बनवायची, नि घरी आलं की पडवीत स्वतःचं काहीतरी ठोकत बसायचं. त्यांची मुलगी वृषाली ही मोनिका मॅडमकडे गिटार शिकत होती. या मोनिका मॅडम चर्चमध्ये प्रार्थनेला गिटार वाजवतात आणि गावातल्या मुलांना शिकवतात. क्लासची गिटार घरी आणता येत नव्हती. वृषालीनं नुसता विषय काढला, तर महेंद्र म्हणाले, "दुकानातली कशापायी? तुझ्या बापाच्या हाताला काय झालंय?"

झालं! मोबाईलवर गिटार बनवणाऱ्यांचे व्हिडिओ सुरू झाले. पुढच्या फळीसाठी देवदार मिळालं, कुठल्याशा यंत्राच्या खोक्याचं. मानेला सागवानाचा तुकडा घरातच होता. अडलं ते पाठीसाठी आणि कडांसाठी. तिथं लागतं कठीण, वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड. बोटानं ठोकलं तर घुमलं पाहिजे. वखारीतलं शिसव ओलसर निघालं. ओलं लाकूड आज वाकवलं की उद्या स्वतःच्या मनानं वाकतं, त्याचा काय उपयोग?

घुमणारं लाकूड त्यांच्या घरातच होतं. महेंद्रची बायको सीमा, तिचा शिसवी पलंग. सीमाचे वडील सहादू पारनेरच्या बाजारात हमाली करायचे. एक जुना बंगला पाडताना त्यांनी तो पलंग मिळवला, स्वतः घासूनपुसून लख्ख केला आणि लेकीच्या लग्नात टेम्पोत मागं त्याच्याच शेजारी बसून श्रीरामपूरला आणून दिला. आता सहादू नाहीत. बापाची म्हणून सीमाकडे तेवढी एकच वस्तू उरली होती. महेंद्र येता-जाता त्या पलंगाच्या डोक्याकडच्या फळीवर बोट ठोकायचे आणि कान देऊन ऐकायचे. सीमाला वाटायचं, सुताराची खोड आहे.

सीमा वृषालीला घेऊन चुलतबहिणीच्या लग्नाला माहेरी गेली. महेंद्रनी पलंग खोलला आणि फळ्या चिरून गिटारीपुरत्या पातळ पट्ट्या काढल्या. पण अर्धाच पलंग नाहीसा झाला, तर विचारणार नाही का कोणी? म्हणून उरलेले चांगले पाय न् पट्ट्या त्यांनी अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातल्या. एक खोटं उभं राहावं म्हणून इतकं अस्सल शिसव जाळलं हो त्या माणसानं! मग कारखान्यातून वाळवीनं खाल्लेला एक ठोकळा आणून उंबऱ्याजवळ ठेवला. सीमा परत आली तर म्हणाले, "आतून समदा पोखरला हुता बघ. आजून ठेवला असता तर घरभर पसरली असती."

सीमा तो ठोकळा मांडीवर घेऊन रडली. पुढं गिटारीचं शिसव वखारीतलं म्हणून सांगितलं, तेव्हाही संशय तिला शिवलासुद्धा नाही. घरात सुतार असताना लाकडाचं खरंखोटं दुसऱ्या कुणाला विचारायचं?

हे मला नंतर समजलं. जन्माआधीचं कुणाला आठवतं? पण तुम्हाला आधीच सांगून टाकलं, कारण लपवाछपवी या घरात पुरेशी झाली आहे.

मला वाटायचं, माझ्यासारखी भाग्यवान मीच. शिसवाच्या पट्ट्या भिजवून तापल्या पाइपवर वाकवताना पाण्याचा तांब्या सीमाच्या हातात असायचा. कडा चिकटवताना दाबून धरायला चिमटे कमी पडले, तर तिनं वाळत घातलेल्या कपड्यांचे सगळे चिमटे काढून आणून दिले. "आता वाऱ्यानं साड्या उडाल्या तर तुमीच पळा मागं," म्हणाली आणि खळखळून हसली. पॉलिश तर सगळं तिनंच केलं. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, त्यात बुडवलेला फडक्याचा बोळा आणि तिचा हात. थरावर थर, रोज.

एकदा माझ्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "काय की बाई, हिला हात लावला की लई बरं वाटतंया."

महेंद्र आधीच गुळगुळीत झालेल्या फळीवर रंधा मारत राहिले. तेव्हा तरी बोलायचं होतं ना! तोंड शिवलं होतं का? मला तर ते वाक्य ऐकून अंगभर मोठेपणा चढला होता. वाटलं, ही बाई माझ्यावर जीव लावते. ती कुणावर जीव लावत होती ते मला ठाऊक नव्हतं, तिलाही नव्हतं. फक्त एकाला ठाऊक होतं.

तारा चढल्या. वृषालीनं पहिल्यांदा वाजवलं, तर सीमानं तिची दृष्ट काढली आणि लगे हात माझीही काढली. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वृषाली मलाच घेऊन बसणार हे ठरून गेलं. त्याआधी मोनिका मॅडमना दाखवावी म्हणून एका रविवारी प्रार्थना आटोपल्यावर त्यांना घरी बोलावलं.

मॅडमनी मला मांडीवर घेतलं. अलगद छेडलं. मग डोळे मिटून बराच वेळ वाजवत राहिल्या. माझा आवाज पडवीभर भरून राहिला, मित्रांनो, खोटं नाही सांगत. वाजवून झाल्यावर त्यांनी मला उलटं करून पाठ बघितली.

"काय आवाज आहे हो! महेंद्रदादा, हे लाकूड कुठून पैदा केलंत?"

आणि महेंद्र हुरळले. इतके दिवस पोटात दाबून ठेवलेलं, पण कारागिराला आपल्या लाकडाची थोरवी सांगितल्याशिवाय राहवत नाही. तोंडून निघूनच गेलं. "साधंसुधं न्हाई मॅडम. जुना शिसवी पलंग हुता, सासऱ्यांनी दिलेला. कीड न्हाई, भेग न्हाई. असा माल आता हुडकून सापडायचा न्हाई."

सीमा चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

"कीड न्हाई?" तिनं विचारलं.

महेंद्रनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा उतरला. मॅडमना काही कळेना. सीमानं ट्रे खाली ठेवला, पाहुणीच्या हातात कप दिला, "घ्या मॅडम, निवंल," म्हणाली. पाहुणीला दारापर्यंत सोडून आली.

मग मात्र बोलली. "मागितला असता तर दिला असता का, ते मलाबी म्हाईत न्हाई. पर न्हाई म्हनायचा हक तर माझा हुता. तोबी तुमी कापून टाकला. वर माझ्याच हातानं पॉलिश करून घेतलं. माझ्या बापाच्या पलंगाला!"

"सीमा, पोरीसाठी केलं गं," महेंद्र म्हणाले.

"पोरीचं नाव पुढं करू नका. पोरीनं पलंग मागितला न्हवता."

वृषालीनं सगळं ऐकलं होतं. तिनं मला मॅडमनी ठेवलं होतं तिथून उचललं आणि भिंतीच्या खिळ्याला टांगलं. "पप्पा, मला न्हाई वाजवायची ही." गॅदरिंगला ती क्लासची गिटार घेऊन बसली.

माझं काय चुकलं होतं, सांगा बरं? मला फसवून बनवलं, आणि शिक्षाही मलाच. ज्या सीमानं माझी दृष्ट काढली, ती आता माझ्याकडे पाठ करून कपडे वाळत घालते. तारा गंजल्या. उन्हाळ्यात पत्रा तापतो तेव्हा पुढच्या फळीचा जोड कडकड करतो. आणि महेंद्र? ते माझ्यावर धूळ बसली की फुंकर मारतात, पण खाली काढायचं धाडस त्यांना होत नाही. मला त्यांची कीव येत नाही. यावी असं पुष्कळदा वाटतं, पण येत नाही.

मोनिका मॅडमकडून माझं नाव मात्र पसरलं. परवा राहुरीकडचे वाल्मिक नावाचे एक गृहस्थ टेम्पोत जुनं दार घालून आले. "घराचं दार हाय, आजोबांच्या येळचं. याची गिटार करा माझ्या पोराला."

महेंद्रनी दारावर बोट ठोकलं. दार घुमलं. त्यांचे डोळे कसे चमकले ते मी वरून पाहिलं.

सीमा बाहेर आली. "भाऊ, घरात थोरलं कोन हाय?"

"आई हाय की. कडूबाई."

"तिला इचारलंय?"

वाल्मिक हसले. "तिला काय इचारायचं, ताई? ती आता मानसं वळखत न्हाई."

सीमानं महेंद्रकडे पाहिलं. ती थांबली होती, मित्रांनो. 'आदी आईला इचारून या,' एवढं ते बोलले असते, तर मला वाटतं, या घरात काहीतरी पुन्हा जुळलं असतं. महेंद्रचा हात दारावरून निघाला नाही.

"ऱ्हाऊ द्या हितंच," ते म्हणाले. "ठेवून जावा."

सीमा पुढं झाली. तिनं दाराची एक बाजू उचलली. "भाऊ, धरा त्या अंगानं. टेम्पोत घाला. आदी आईम्होरं नेऊन उभं करा. मानसं वळखत नसंल, पर दार वळखंल."

दोघांनी दार परत टेम्पोत चढवलं. महेंद्र बघत राहिले.

मित्रांनो, वस्तू जपा, असं आम्ही वस्तू नेहमीच सांगतो. मी म्हणते, ती कुणाची आहे त्या माणसाला आधी जपा. विचारा, आणि 'नाही' ऐकायची तयारी ठेवून विचारा. त्या दाराची बाजू घ्यायला सीमा होती. माझ्या वेळी असं कोणी नव्हतं. घरात कोणी नाही हे बघूनच तर करवत उचलली होती.